साफ केलेला उतार

पाठीला शालीत मक्याच्या तोर्तियांची टोपली बांधून आणि हातात घेवड्याचं पातेलं घेऊन दोमितिला शेवटचं वळण चढली, आणि जागच्या जागी थांबली. समोरचा डोंगरउतार उघडा पडला होता. सकाळी ती स्वयंपाकाला खाली गावात गेली तेव्हा इथं कमरेएवढी खराट्याची झुडपं होती. आता नुसती काळसर माती होती, आणि त्या मातीत इथंतिथं वीतभर उंचीची ओयामेलची, म्हणजे डोंगरातल्या उंच सूचिपर्णी झाडाची, रोपं उभी होती. नऊशे रोपं. मार्चचं ऊन थेट त्यांच्या शेंड्यांवर पडत होतं.

"आल्या, मावशी आल्या!" निकानोरनं कोयता उंचावला. "बघा, कसं लख्ख केलंय. एवढं तर मी सासूचं अंगणही कधी झाडलं नाही."

चाळीस माणसं हसली. सगळ्यांचे सदरे घामानं अंगाला चिकटले होते. दोमितिला पाच वर्षं गावाच्या सभेत उठून विनवत आली होती. फुलपाखरं ज्या ओयामेलच्या झाडांवर हिवाळा काढतात ती उन्हाळ्यागणिक वाळत चाललीत, नवी झाडं आणखी उंचावर वाढवायला हवीत, गावकीचा एक दिवस द्या. पाच वर्षं लोक खिडकीबाहेर बघत बसले. आज पहिल्यांदा सगळं गाव आलं होतं.

"मी कडेचा पट्टा म्हणाले होते," ती म्हणाली. "वणवा आत येऊ नये म्हणून. फक्त कडेनं, चार हात."

"तो तर सकाळी दहालाच झाला," गावसमितीचे प्रमुख अबुंदिओ पुढे येत म्हणाले. माणूस सत्तरीचा, पण कोयता तरण्यांच्या बरोबरीनं चालवला होता. "मग म्हटलं, आलोच आहोत तर मधलं तणही काढून टाकू. तुझी रोपं दिसत तरी होती का? मक्यात मी एवढं तण ठेवलं असतं, तर माझ्या बापानं मला घरात घेतलं नसतं."

"हा मका नाही, दादा."

"रोप ते रोप."

"मका नाही हा!" ती ओरडली.

तेवढ्यात वरच्या रानातून फुलपाखरांचा एक नारिंगी लोट ओढ्याच्या पाण्याकडे उतरत आला. सगळे सवयीनं गप्प झाले. फुलपाखरं असताना मोठ्यानं बोलायचं नाही, हे इथं रांगत्या पोरालाही कळतं. दोमितिलानंही आवाज खाली आणला. तिला भांडायचं होतं, आणि भांडण कुजबुजत करावं लागत होतं.

"याला पहिली काही वर्षं डोक्यावर झुडूप लागतं," ती दातओठ खात पुटपुटली. "दिवसा ऊन अडवायला, रात्री कडाका अडवायला. म्हणून एकेक झुडूप शोधून त्याच्या बुडाशी एकेक रोप लावलं होतं मी."

"म्हणून अशी वाकडीतिकडी होय!" निकानोर हळूच म्हणाला. "आम्हाला वाटलं, मावशींनी पुल्केची दारू चढवून लावली."

कुणीतरी खुदकन हसलं आणि मध्येच थांबलं.

"मग हे सांगायचं नाही का?" अबुंदिओही कुजबुजतच म्हणाले. "पाच वर्षं सभेत बोलत आलीस. झुडपांचं एकदा तरी बोललीस?"

दोमितिला आठवू लागली. फुलपाखरांचं बोलली होती, ओढा आटत चालल्याचं बोलली होती, रोपांचं तर किती वेळा. झुडपांचं कधी काढलंच नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊकच असेल, असं ती धरून चालली होती.

"तोडलेली झुडपं कुठायत?"

"खेचरांवर लादून खाली गेली," निकानोर म्हणाला. "बायका म्हणाल्या, दोन वर्षं खराट्यांची चिंता मिटली."

"परत आणा."

"आणून? तोडलेलं झुडूप पुन्हा रुजतं का, मावशी?"

"रोपांशेजारी खोचून ठेवू. पानं आहेत तोवर सावली देतील."

"पानं किती दिवस राहतील?"

"चार. फार तर पाच."

"आणि पाऊस?"

"जूनमध्ये."

फुलपाखरं ओढ्याकडे निघून गेली होती, तरी कुणाचा आवाज वर आला नाही. बायकांनी दोमितिलाच्या पाठीवरची टोपली सोडवून घेतली. माणसं कोयते पुसत, तिच्या नजरेला नजर न देता, जुन्या झाडांखाली जेवायला जाऊन बसली. घेवडा चांगला झालाय, असं दोघांनी गरजेपेक्षा मोठ्यानं म्हटलं.

दोमितिला उतारावर गेली आणि एका रोपापाशी मातीत बसली. मग थोडी डावीकडे सरकली. ऊन कलायला लागलं होतं. तीही बोटभर, बोटभर सरकत राहिली.

बऱ्याच वेळानं अबुंदिओ तोर्तियात घेवडा गुंडाळून घेऊन आले.

"खाऊन घे," ते म्हणाले. "रागवायचं ते पोटभर जेवून रागव. इथं काय करतेस एकटी?"

"सावली."

"नऊशे रोपांना?"

"दोन रोपांना."

अबुंदिओंनी तोर्तिया तिच्या हातात दिली. आणखी काहीतरी बोलायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, पुन्हा घातली, आणि ते परत जायला वळले.

"हलू नका, दादा," दोमितिला म्हणाली. "तुमच्या सावलीत तिसरं आहे."