चाळीस तास

"आलं, आलं! रुख्मे, पळ!"

अन्नपूर्णाबाईचं ओरडणं पुरं व्हायच्या आत तिची सून शिडी चढून घराच्या मातीच्या धाब्यावर पोचली होती. रुख्मिणीनं पांढरी चादर पसरली, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या अन् तापलेल्या मातीवर अनवाणी उभी राहिली. अकोल्याकडून, रुळांच्या माथ्यावरून विमान आलं. बरोबर घरावर आलं अन् त्याचा एक पंख खाली झुकला. मग सरळ होऊन मलकापूरकडे निघून गेलं.

"पाह्यलं का? नमस्कार करून गेला माझा इंद्रभान!" अन्नपूर्णाबाई म्हणाली. शेजारच्या धाब्यावर ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

शेजारच्या धाब्यावर तिची धाकटी जाऊ विमलबाई मिरच्या उलथत होती. तिचं तोंड काही त्या मिरच्यांहून गोड नव्हतं. "नमस्कार ठीक आहे, बाई. पण आमचा जानराव महिन्याभरात मोटर हाकायले शिकला. तुमच्याले अजून किती दिस लागतात?"

"मोटरीले सडक असते, विमल. आभाळात कुठं सडक दिसली तुले?"

बोलून गेली खरी, पण बोल लागला होता. इंद्रभान नागपूरला विमान शिकत होता. उडवणं त्याला कधीचंच आलं होतं. राहिला होता तो ढगातून उडवायचा परवाना. तो भेटला की नोकरी, अन् नोकरी लागली की रुख्मिणीला घेऊन जाईन, असं तो अंगाची हळद निघायच्या आधीच बोलला होता. "किती वेळ लागते रे त्याले?" आईनं विचारलं, तर म्हणे, चाळीस तास. अन्नपूर्णाबाईनं बोटांवर हिशेब केला. पुरते दोन दिवससुद्धा नाहीत! तिनं त्याच सांजेला सुनेची पेटी भरायला घेतली.

त्या गोष्टीला आता दुसरा उन्हाळा लागला होता. ते तास तिच्या भिंतीवरच्या घड्याळातले नव्हतेच. अर्धा अर्धा करून भेटायचे. कधी विमान मोकळं नसायचं, कधी शिकवणारा साहेब. अन् आता तास भरले, तर परीक्षा पास होईना.

दोन दिवसांनी इंद्रभान पॅसेंजरनं आला. त्याचं तोंड पाहूनच तिला समजलं. तिनं आधी त्याला वाढलं, मग विचारलं.

"पुन्हा?"

"हो माय. पुन्हा."

"काऊन रे? बाकीची पोरं पास होतात, तुलेच काय धाड भरली?"

इंद्रभाननं हातातला घास ताटात ठेवला. "डोळ्यावर झापड लावतात, माय. बाहेरचं काही दिसू नये म्हणून. समोर नुसते काटे. त्यांच्यावरच हाकायचं."

"घाण्याच्या बैलासारखं?"

"तसंच. ढगात जीव म्हणते, डावीकडे चाललो. काटा म्हणते, सरळ. जिवाचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं. मले सारं जमते. पण घड्याळावरून समजते की आपलं नांदुरा आलं, अन् मग राहवत नाही. झापडीच्या कडेनं खाली पाहतो. मान वळली की हात वळते, हात वळला की विमान झुकते. बाजूले बसलेला सायेब तिथंच नापास करते."

चुलीपुढं रुख्मिणीचा हात परातीतच थांबला. ज्या नमस्कारांचा अन्नपूर्णाबाईनं गावभर तोरा मिरवला होता, ते सारे पोराच्या नापासाचे होते.

"एक सांग, माय." इंद्रभाननं चुलीकडे न पाहता, हळूच विचारलं. "ते पांढरं रुख्मिणीच अंथरते न? माझ्यासाठी?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. पोरीच्या तळपायाला फोड आले रे, असं सांगायचं होतं. तिनं ते गिळलं.

"तुझ्यासाठी? वड्या वाळू घालतो आम्ही त्याच्यावर! दोघी बायांले दुसरे धंदे नाहीत का? पहिल्या बारीले पाह्यलं, हौस फिटली. आता घरातलं कोणी मान वर करत नाही."

इंद्रभाननं घास तसाच सोडला. मग ताटातच हात धुतले अन् दुपारच्याच गाडीनं परत गेला.

"काऊन खोटं बोलल्या, आत्याबाई?" रुख्मिणीचा आवाज फाटला होता. "कसं तोंड घेऊन गेले ते!"

"जाऊ दे. तुले त्याच्याजवळ नांदायचं आहे न? मग त्याची मान इकडं वळायले नको."

महिना उलटला. एका सकाळी आवाज आला. रुख्मिणीचा पाय शिडीकडे वळला, तशी अन्नपूर्णाबाईनं तिचं मनगट धरलं अन् तिला ओढत गोठ्याच्या छपराखाली नेलं.

"बाई, आज चादर कुठं गेली?" वरून विमलबाईनं हाक मारली.

छपराच्या एका फटीतून दोघी वर पाहत होत्या. विमान घरावर आलं. त्याचे पंख तराजूच्या दांडीसारखे सरळ होते. तसंच ते गेलं, स्टेशनावरून, कापसाच्या जिनिंगच्या धुराड्यावरून, पार मलकापूरकडे. आवाज मरेपर्यंत दोघींपैकी कोणी हललं नाही.

"पास झाला," अन्नपूर्णाबाई म्हणाली. सुनेचं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं.

"कशावरून, आत्याबाई?"

"त्यानं पाह्यलं नाही."