लाल खुंट्यांचे वाफे

अश्वगंधेच्या बुंध्याशी, मातीला चिकटून, मोहरीएवढा एक तपकिरी दाणा होता. लिडियानं भिंग जवळ नेलं. दाण्याच्या एका अंगाला हिरवी भुकटी बसली होती. बोटानं दाबला तसा तो फुटला. आत पोकळ.

वाफ्याची खुंटी लाल होती. तिनं भिंग पदराला पुसलं आणि वहीत फक्त रोपांची संख्या लिहिली. चाळीसपैकी एकोणचाळीस जिवंत.

"आज बी माझ्या आधीच आलात व्हय, ताई?" वाफ्यांवर कामाला येणारी गोजरबाई बांधावरून विचारत होती. "च्या तरी घेतला का?"

"घेतला."

"खोटं. चूल गार हाय तुमची. बघूनच आले मी."

लिडिया हसली. दिवसभरात तिला हा एवढाच प्रश्न कुणी विचारत असे.

संगमनेरपासून सहा मैलांवर औषधी वनस्पतींचं हे केंद्र होतं. तीन एकर जमीन, एक विहीर, पत्र्याची प्रयोगशाळा आणि तिला लागून लिडियाची खोली. तीन वर्षं इथं एकच प्रयोग चालू होता. बारा वाफ्यांच्या मातीत मूळकुजीची बुरशी मुद्दाम मिसळली होती. ते तपकिरी दाणे तिचेच. पांढऱ्या खुंटीच्या सहा वाफ्यांत दर सोमवारी हिरवी बुरशी घालायची, गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेली, वाफ्याला एक बाटली. ही बुरशी त्या बुरशीला खाते. लाल खुंटीच्या सहा वाफ्यांत काहीच घालायचं नाही. पांढरे जगले आणि लाल मेले, की झालं सिद्ध.

लाल वाफे मरत नव्हते. एकाहत्तरला नाही, बहात्तरच्या दुष्काळात नाही आणि यंदाही नाही.

टेबलाच्या खणात पुण्याचं पत्र होतं. प्रयोगाचा निष्कर्ष निघताच मुख्य प्रयोगशाळेत रुजू व्हावे. लिडिया ते अधूनमधून काढून वाचत असे आणि होत्या त्याच घड्यांवर मिटून ठेवत असे. तिचं शिक्षण पुण्यालाच झालं होतं. आई गेली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती वसतिगृहातच राहिली, तेव्हा अकरा दिवस तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. दिवस तिनं मोजले होते.

आज केंद्राचे वरिष्ठ अधिकारी राधाकृष्ण साहेब पाहणीला येणार होते. गोजरबाई हौदाशी बसून या सोमवारच्या रिकाम्या बाटल्या राखेनं घासत होती. "साहेब आले की तुमचं तोंड उतरतं," ती म्हणाली. "खातात का काय तुमाला?" बारावी बाटली उन्हात पालथी घालून तिनं हात लुगड्याला पुसले.

जीप अकराला आली. साहेबांनी चहा नको म्हटलं, चपला बांधावर काढल्या आणि सरळ वाफ्यांत उतरले. पांढरे वाफे पाहिले. मग लाल खुंटीच्या पहिल्या वाफ्याशी उकिडवे बसले आणि स्वतःचं भिंग काढलं. पहिल्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. सहावा वाफा पाहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"लिडियाबाई, ही तर तुमची हिरवी बुरशी. लाल वाफ्यांत."

"वाऱ्यानं येत असेल, सर."

"सहाही वाफ्यांत सारखी? वारा इतका शिस्तीचा नसतो." ते उठले. "रोगच लागू दिला नाही, तर औषधाचं काय सिद्ध होणार? कोंडा वाफ्यांत कोण टाकतं?"

"मी टाकते की," गोजरबाई पुढं आली.

"लाल खुंटीतही टाकतेस?"

गोजरबाईनं लिडियाकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडं.

"व्हय साहेब. टाकला."

"सांगितलं होतं ना, तिथं टाकायचा नाही म्हणून?"

"सांगितलं हुतं. पन एका पंगतीला बसवायचं, निम्म्यांना वाढायचं अन् निम्म्यांनी तोंडाकडं बघत ऱ्हायचं. मला न्हाई बघवलं."

साहेबांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "तुझ्या पंगतीपायी तीन वर्षं पाण्यात गेली, बाई. उद्यापासून येऊ नकोस."

 

"तुमचा यात दोष नाही," साहेब लिडियाला म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "दर वर्षी मी म्हणतो, पुण्याला जायची तयारी ठेवा, आणि दर वर्षी हे असं. आता नवीन बाई लावा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आणखी एक वर्ष तुम्हाला या माळावर काढावं लागेल, त्याचंच वाईट वाटतं. मी तसं लिहितो वर."

त्यांनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवली आणि पेन उघडलं.

गोजरबाईनं हौदाजवळचं आपलं फडकं उचललं. त्यातली एक भाकरी काढून, मिरचीचा ठेचा वर ठेवून, तिनं प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली. "ताई, जेवून घ्या येळेवर," ती जाता जाता म्हणाली. "उद्यापास्नं कोन इचारायला न्हाई." आणि बांधाबांधानं चालू लागली. ती वाकून चालते, हे लिडियाला आज पहिल्यांदा दिसलं.

साहेबांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. तिसरी सुरू केली.

पालथ्या बाटल्या उन्हात चकाकत होत्या. लिडियानं कमरेची किल्ली काढली आणि साहेबांच्या वहीवर ठेवली.

"ही कोंड्याच्या कपाटाची. दुसरी किल्ली नाही. पांढरे वाफे सहा, सर, आणि बाटल्या बारा, मोजून घ्या. लाल खुंट्यांत मी घालत होते, पहाटे ती यायच्या आधी, तिन्ही वर्षं. तिला हाक मारा, सर, लांब जाईल. इथून मी जाते."