कापलेले तुकडे

डिस्क गळ्यापर्यंत भरली होती आणि कॉम्प्युटर धापा टाकत होता. आता तो बंद पडला तर हातातली सगळीच लग्नं पाण्यात जाणार, म्हणून एडिटरबाईने तारवटलेल्या डोळ्यांनी पूर्ण झालेल्या फिल्म्समधले न वापरलेले तुकडे पुसून टाकले. घरघर थांबली, तशी तीही खुर्चीत मागे रेलली.

दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म तिनेच केली होती.

"ताई, फिल्ममध्ये आमची ही नुसती हसते. गेल्या महिन्यात ती गेली. कापलेल्या भागात तिचं बोलणं कुठे राहिलंय का?"

"काका, सकाळीच पुसलं सगळं."

ते उठले.

"बसा जरा," ती म्हणाली. कुठे कापायचं ते ठरवताना तिने काकूंचं ते बोलणं पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. थकलेल्या आवाजात तिने जमेल तसा तो सूर लावला, "अहो, वरचं बटण लावा. कॅमेरा इकडेच बघतोय."

काकांचा हात नकळत गळ्याशी गेला आणि त्यांनी बटण लावलं.