ताईच्या नावावर

पाकीट त्याने आधीच फोडलं होतं. ताई हात धुऊन बाहेर आली, तर तो तिच्या कामाच्या टेबलावर एक पाय वर घेऊन बसला होता, थेट कवळ्यांच्या साच्यांमध्ये, आणि पाकिटाच्या फाटक्या कडेने दात कोरत होता.

"अभिनंदन! आलीस बाई एकदाची माणसांत."

ताईने प्लास्टरचे जबडे त्याच्या मांडीखालून एकेक करून ओढून घेतले. परक्या माणसांच्या तोंडांचे ठसे ती तीस वर्षं हाताळत होती. थुंकी, रक्त, अडकलेली शितं धुऊन टाकायची आणि कामाला लागायचं. कधी किळस आली नव्हती. भावाची ओली बोटं त्या पाकिटावर बघून मात्र आली. आणि किळस आली याची तिला थोडी लाजही वाटली.

"माझ्या नावाचं पाकीट तू का फोडलंस, बाळ्या?"

"घ्या! फॉर्म कोणी भरला? तुला तर मोबाईलवर साधं बोट ठेवता येत नाही. मेणात बुडवल्यासारखं दाबतेस."

ते खरं होतं. मागच्या महिन्यात त्यानेच, जीभ दातांत धरून, फॉर्म भरला होता. ताई मेण वितळवत होती. ओटीपी तिनेच त्याला वाचून दाखवला होता. सुधारला वाटतं, असं तिच्या मनात आलं होतं.

सात वर्षांपूर्वी ती त्याच्या व्यायामशाळेच्या कर्जाला जामीन राहिली होती. दीड वर्षात व्यायामशाळा बुडाली. तो मावशीकडे जाऊन राहिला आणि बँकेची माणसं ताईच्या दारात आली. तिची भट्टी गेली, घासायची यंत्रं गेली, कामाची जागा गेली. तेव्हापासून ती घरातच साचे करायची आणि दातांच्या कॅप भाजायला दुसऱ्याच्या भट्टीवर न्यायची. अर्धी मजुरी तिथेच राहायची.

कर्ज फिटलं, तरी नाव खराबच राहिलं. कोणतीही बँक तिला दारात उभी करीना. शेवटी एका बँकेने तोड सांगितली. ठेव ठेवा, ठेवीवर छोटं कार्ड घ्या, वापरा आणि वेळेवर भरा. तीन वर्षं ताईने त्या कार्डावर फक्त मेण आणि प्लास्टर घेतलं. मुदतीच्या आठ दिवस आधी बिल भरून टाकलं. तिची पत मुंगीच्या पावलांनी वर सरकली. आता हे नवं कार्ड आलं होतं, ठेवीशिवायचं. त्यावर हप्त्यांनी भट्टी घ्यायची होती.

"दे इकडे."

त्याने कार्ड दिलं. तसंच निळं दुसरं एक कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं. ताईने ते दोन बोटांनी ओढलं. त्यावर त्याचं नाव होतं.

"हे काय?"

"ते होय? पुरवणी कार्ड. फुकट देतात गं, एका फॉर्मात दोन. बिल एकच येणार, तुझ्याकडे. काही कटकट नाही."

"कोणाला कटकट नाही?"

"लगेच तोंड पाडू नकोस. ज्यूसचं एक छोटंसं दुकान डोक्यात आहे माझ्या. दोन मशीन घ्यायची, बस. या वेळी एकदम जपून."

बोलता बोलता त्याने पाकीट बोळा करून साच्यांत टाकलं. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि ताई एकोणीस. तेव्हापासून तो सांडत आला होता आणि ती पुसत आली होती.

तिने कार्डामागचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. आवाज खोलीभर येत होता. जन्मतारीख विचारून झाली, पत्ता विचारून झाला.

"माझ्या कार्डासोबत दुसरं कार्ड आलंय. ते बंद करायचंय."

"ताई, वेडी झालीस का? अगं, मी मशीनवाल्याला शब्द देऊन बसलोय!"

"चालेल मॅडम," फोनवरची मुलगी म्हणाली. "तुमच्या कार्डाला त्याने काही होणार नाही. फक्त खात्री करते. पुरवणी कार्ड तुमच्या मुलाचं आहे, बरोबर?"

"कोणाच्या?"

"मुलाच्या. फॉर्मवर नातं तसंच लिहिलंय. भावाबहिणींना आमच्याकडे देत नाहीत. नवरा-बायको, आईवडील आणि मुलं, एवढंच."

बाळ्या टेबलावरून खाली उतरला. सदतीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

"खोटं काय आहे त्यात?" तो हळूच म्हणाला. "सांग ना. मग कोणाचा आहे मी?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं की खोटं, ताईला कळेना. त्याला स्वतःला तरी कळत होतं की नाही, कोण जाणे. हा एक शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मिळेल म्हणून तिने पस्तीस वर्षं वाट पाहिली होती. तो त्याने बँकेला सांगितला होता.

"मॅडम, ऐकताय ना? मुलगा, बरोबर?"

"नाही," ताई म्हणाली. "मला मूल नाही."