लख्ख डिश

सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाईंनी सोमवारी प्रत्येकाला पेट्री डिशमधल्या, जंतू वाढवणाऱ्या जेलीवर बोट टेकवायला लावलं होतं. पुस्तक वाचून कुणाच्या पोटात ढवळत नाही, आपल्याच बोटाची घाण बघितली की विषय डोक्यात शिरतो, हा त्यांचा खाक्या. गुरुवारी डिश बाहेर निघताच वर्ग "शी!" करत मागे सरकला. पिवळट, बुळबुळीत ठिपके, वर राखाडी लव. विद्यापीठात वीस वर्षं शिकवूनही बाईंना मळमळलं. "मॅडम, माझी बघा!" पहिल्या बाकावरच्या मुलीची डिश लख्ख होती. वहीत तिने लिहिलंही होतं: बोट निर्जंतुक. टाळ्या पडल्या. बाईंनी स्वतःची डिश तिच्यापुढे सरकवली. "मी दोनदा साबणाने हात धुऊन बोट टेकवलं, तरी अकरा ठिपके. तू बोट लावलंच नाहीस ना?" "किळस वाटली, मॅडम." "मलाही वाटतेय," म्हणत बाईंनी ती लख्ख डिश चिमटीत उचलून कचऱ्यात टाकली.