कागदाचं दार

वर्ष सरत आलं, की सरकत्या दारांचे जुने कागद काढून नवे चिकटवायचे. सून नात्सुको सकाळपासून बादली नि फडकं घेऊन तयार होती, पण म्हातारे तोकुजिरो तिला अंगणाकडच्या दाराला हात लावू देईनात. उठत होते, बसत होते, चहा गार करत होते.

"बाबा, नुसती ठिगळं झालीत हो या दाराला! नव्या वर्षाचे पाहुणे काय म्हणतील?"

ठिगळं त्यांनीच लावलेली, फुलाच्या आकाराची. अंथरुणाला खिळलेली त्यांची बायको हिसानो गेल्या वसंतात ओल्या बोटाने कागदाला भोक पाडायची. हे करवादत ते बुजवायचे, की दुसऱ्या दिवशी शेजारी नवं भोक! "चार दिवसांचं तर आहे, बघून घेऊ दे की," ती म्हणायची. अंगणातली चेरी तेव्हा ऐन बहरात होती. मग हिसानो गेली, आणि शेवटचं भोक बुजवायचं राहूनच गेलं.

"बरं, आटप एकदाचं," तोकुजिरो म्हणाले खरे, पण ओलं फडकं कागदाला लागणार तोच "थांब, थांब" करत हिसानोची उशी असायची त्या जागी आडवे झाले. भोकाला डोळा लावला.

"दिसतेय का चेरी?" नात्सुकोने विचारलं.

त्या भोकातून चेरीचं झाड कुठेच दिसत नव्हतं. समोर होतं फक्त त्यांचं बाकडं, ज्यावर बसून ते रोज सकाळी चेरीकडे बघत.