रजेचा अर्ज दुपारीच

“खांबेटेसाहेबांच्या कॉम्प्युटरला रोज जेवणाच्या सुट्टीत जॉयस्टिक जोडलेली दिसतेय,” ऑडिटला आलेली मुलगी म्हणाली. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात काढण्याआधी त्यांना बाहेरचं काय काय जोडलं होतं, ते ती तपासत होती.

मी उखडलोच. “शक्यच नाही! टेबलावर रेडिओ दिसला तरी मेमो देणारा माणूस होता तो.”

“विमान उडवायचा गेमही आहे आत. डेटा कुठे गेलेला नाही, पण मला कारण लिहावं लागेल.”

मग मला आठवलं. सुट्टीत साहेबांच्या केबिनचं दार आतून बंद असायचं. उघडलं, की सकाळी खेकसणारा तोच माणूस हसतमुख! नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी सांगायचो, रजेचा अर्ज साहेबांचं जेवण झाल्यावरच न्यायचा. आमच्या घरची लग्नं, बारशी वहिनींच्या डब्याच्या कृपेने पार पडली, असंच आम्ही समजत होतो. आता रजा मोबाइलवर मागतात, दुपारची वाट कोणी बघत नाही.

साहेबांच्या निरोप समारंभात तर मी भाषणात वहिनींचे जाहीर आभार मानले होते. त्या गोंधळून म्हणाल्या होत्या, “अहो, पण मी यांना रोज बिनतेलाचा दुधी देते!”

साहेब तेव्हा हातातला नारळ सांभाळत खिडकीतून वर आभाळाकडे बघत होते.

“मग कारण काय लिहू?” मुलीने विचारलं.

“लिहा,” मी म्हणालो, “कर्मचारी कल्याण.”